जनरल विल्यम बूथ : पुलाखालच्या माणसांचा कैवारी

जीवदयेचा संस्कार ज्या समाजात घरोघरी आहे आणि ज्याने गावोगावी पांजरापोळ उभारले, त्या समाजाला विल्यम बूथ यांचे चरित्र परके वाटू नये. ते ख्रिस्ती धर्मोपदेशक होते व त्यांचा मार्ग वेगळा होता. परंतु मुक्या प्राण्याला जे मिळते ते माणसाला का मिळू नये, हा त्यांनी भर लंडन शहरात विचारलेला प्रश्न कोणत्याही अनुकंपाशील मनाला अस्वस्थ करणारा आहे.

त्यांचा जन्म 10 एप्रिल 1829 रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाला. वडिलांचा व्यवसाय बुडाला आणि तेराव्या वर्षी मुलाला गहाणवटीच्या दुकानात उमेदवारीस बसावे लागले. त्या काळी कामकरी कुटुंबे रविवारचे ठेवणीतले कपडे सोमवारी गहाण टाकीत व शनिवारी मजुरी हाती आली की सोडवून नेत. अंगावरचे वस्त्र हेच ज्याचे भांडवल, त्याची अवस्था गहाणाच्या गल्ल्यावर बसणाऱ्यास जितकी उमगते, तितकी अन्य कोणास क्वचितच उमगत असेल. पुढे ते लंडनला आले, मेथॉडिस्ट पंथाचे उपदेशक झाले. 1855 साली कॅथरीन मम्फर्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1865 मध्ये पूर्व लंडनच्या दरिद्री वस्तीत त्यांनी कार्य आरंभिले. त्यालाच 1878 मध्ये साल्व्हेशन आर्मी, म्हणजे मुक्तिफौज, हे नाव मिळाले.

त्यांच्या जीवनाला खरे वळण लागले ते 1887 च्या हिवाळ्यात. डिसेंबरातील एका रात्री ते बाहेरगावचा कार्यक्रम आटोपून उशिरा लंडनला परतत होते. वाटेत थेम्स नदीवरील पुलाच्या आडोशाला थंडीत कुडकुडत पडलेली माणसे त्यांच्या दृष्टीस पडली. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी पुत्र ब्रॅमवेल यांना विचारले, ही गोष्ट तुला ठाऊक होती काय? पुत्राने होकार दिला. असे पुष्कळ लोक बाहेर झोपतात, हे त्यांना माहीत होते. पिता संतापले. ठाऊक असून स्वस्थ बसलास याची लाज वाटली पाहिजे, असे त्यांनी सुनावले. पुत्र सरकारी व्यवस्थेच्या अडचणी सांगू लागले, तेव्हा त्यांना मध्येच थांबवून बूथ यांनी एखादी वखार मिळव, ती उबदार कर व पांघरायला काहीतरी शोध, अशी आज्ञा केली. मात्र फाजील लाड नकोत, हेही बजावले.

ब्रॅमवेल निष्ठुर नव्हते. सारे लंडनच तसे झाले होते. रोज दिसणारे दुःख डोळ्यांना दिसेनासे होते. शिवाय कायदा मनाला सबब पुरवीत असे. 1824 च्या कायद्याने उघड्यावर झोपणे हाच गुन्हा ठरला होता. सरकारी अनाथगृहात रात्रीचा आसरा मिळे, पण त्याबदली खडी फोडावी लागे किंवा जुने दोरखंड उकलावे लागत. 1882 च्या कायद्यान्वये तर तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सुटका नसे. मग काम शोधायला जावे केव्हा? म्हणून अनेकजण पुलाखालची थंडीच पत्करीत.

1888 मध्ये लाइमहाउस भागात पहिले आश्रयस्थान उघडले. चार पेन्समध्ये रात्रीचे जेवण, झोपण्यास जागा व सकाळची न्याहारी मिळे. फुकट काही नव्हते. ज्याच्याजवळ पैसे नसत त्याने श्रम करावेत. लांबट लाकडी पेट्यांत समुद्रशेवाळ भरलेल्या मेणकापडी गाद्या आणि वर चामड्याचे पांघरूण, अशी शय्या असे. आपल्याला चामडे रुचणार नाही. तथापि कुडकुडणाऱ्यास ती ऊब होती. त्या पेट्यांना शवपेटी म्हणून हिणवणारेही निघाले. हिणवणाऱ्यांची रात्र अर्थातच पिसांच्या गादीवर जात असावी.

ऑक्टोबर 1890 मध्ये ‘इन डार्केस्ट इंग्लंड अँड द वे आउट’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात कॅथरीन यांचे कर्करोगाने देहावसान झाले. त्या वर्षी जूनमधील एका रात्री नदीकाठचा रस्ता व कॉव्हेंट गार्डनचा बाजार एवढ्याच भागात 368 माणसे उघड्यावर झोपलेली मोजली गेली, ही नोंद त्यात आहे. ग्रंथाचा गाभा मात्र टांग्याच्या घोड्याचा दाखला होय. लंडनच्या रस्त्यात घोडा कोसळला तर दोष कोणाचा हे न विचारता त्याला उठवतात. आणि जिवंत असेतो त्याला दाणा, निवारा व काम मिळते. माणसासाठी बूथ यांनी एवढेच मागितले. त्यांच्या हिशेबाने सुमारे तीस लाख लोक, म्हणजे देशाचा दहावा हिस्सा, या घोड्याहूनही हीन स्थितीत होते.

एक लाख पौंडांचे आवाहन त्यांनी केले व काही महिन्यांतच ते पूर्ण झाले. विरोधही कडवा झाला. प्रख्यात शास्त्रज्ञ हक्स्ले यांनी वृत्तपत्रातून टीकेची पत्रे लिहिली, पैशाविषयी शंका घेतल्या गेल्या. 1892 मध्ये स्वतंत्र समितीने हिशेब तपासले आणि निधी योग्य कामी लागल्याचा निर्वाळा दिला. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्यास याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही.

मुंबईत त्यांचे सहकारी फ्रेडरिक टकर 1882 मध्येच येऊन पोहोचले होते. सनदी नोकरी सोडून, भारतीय वेश धारण करून ते अनवाणी फिरत. स्वतः बूथ उत्तरायुष्यात शाकाहारी झाले होते, हे आपल्या वाचकांस ऐकून आनंद होईल.

अखेरीस त्यांची दृष्टी गेली. 20 ऑगस्ट 1912 रोजी त्यांनी देह ठेवला. सुमारे दीड लाख लोकांनी अंत्यदर्शन घेतले. प्रार्थनासभेस राणी मेरी पूर्वसूचना न देता आल्या आणि सर्वसामान्यांमध्ये मागील बाजूस बसल्या.