समर कॅम्पचे फोटो काढणाऱ्या पोराने त्याच फोटोंच्या जिवावर नॅशनल पार्कसाठी किल्ला लढवला

ट्रेकला किंवा कॅम्पला गेलं की ग्रुपमध्ये एक जण असा असतोच, ज्याच्या गळ्यात कॅमेरा असतो. बाकीचे दमून बसले की हा पुढे पळतो, सगळ्यांचे फोटो काढतो. घरी आल्यावर आठवडाभर लोक त्याच्या मागे लागतात की बाबा, फोटो कधी टाकतोयस. स्वतः मात्र तो एकाही फोटोत नसतो.

१९२८ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या उन्हाळी कॅम्पवर हे काम २६ वर्षांच्या एका पोराकडे होतं. त्याचं नाव ॲन्सेल ॲडम्स.

आज लँडस्केप फोटोग्राफी म्हटलं की जगभरात पहिलं नाव त्याचंच निघतं. ब्लॅक अँड व्हाइट डोंगर, काळंभोर आकाश, त्यात चमकणारा बर्फ. हे फोटो तुम्ही कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरवर किंवा वॉलपेपरवर पाहिलेच असतील. पण या माणसाची जडणघडण कुठल्या आर्ट कॉलेजात झाली नाही. ती झाली तंबू, खेचरं आणि हरवलेले मोजे यांच्या गराड्यात.

ॲन्सेलचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. चार वर्षांचा असताना १९०६ चा तो कुप्रसिद्ध भूकंप झाला. मोठ्या धक्क्यातून पोरगं वाचलं, पण नंतरच्या एका धक्क्याने बागेतल्या भिंतीवर जाऊन आपटलं आणि नाक मोडलं. ते पुढे आयुष्यभर वाकडंच राहिलं.

शाळेत हा गडी कधी टिकला नाही. एका जागी बसणं त्याला जमायचंच नाही. शेवटी वडिलांनी त्याला शाळेतून काढलं आणि घरी शिकवायला सुरुवात केली. १९१५ साली शहरात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. वडिलांनी त्याला त्याचा वर्षभराचा पास काढून दिला आणि हीच तुझी यंदाची शाळा, असं ठरवून टाकलं. त्याच सुमारास पोरगं आपलं आपण पियानो शिकलं, आणि इतकं रमलं की पुढची कितीतरी वर्षं त्याला पियानिस्टच व्हायचं होतं.

१९१६ च्या उन्हाळ्यात घरचे त्याला योसेमिटीला घेऊन गेले. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातली ही दरी, दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे सरळसोट कडे. तिथे आईवडिलांनी त्याच्या हातात कोडॅकचा साधा बॉक्स ब्राउनी कॅमेरा दिला. त्यानंतर मरेपर्यंत दरवर्षी हा माणूस योसेमिटीला गेला.

सतराव्या वर्षी, म्हणजे १९१९ साली, तो सिएरा क्लबचा मेंबर झाला. या क्लबशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही, म्हणून दोन मिनिटं तिकडे वळू.

हा क्लब १८९२ साली जॉन म्युर आणि त्याच्या सोबत्यांनी काढला. डोंगर, जंगलं वाचवणं हे त्यांचं काम. पण डोंगर वाचवायचे तर आधी लोकांनी ते बघायला पाहिजेत, हा साधा हिशोब विल्यम कोल्बी नावाच्या वकिलाने मांडला आणि १९०१ पासून दर उन्हाळ्यात मेंबरांना घेऊन डोंगरात मुक्कामी जायला सुरुवात केली. त्याला हाय ट्रिप म्हणत.

हा प्रकार चार मित्रांच्या ट्रेकसारखा नव्हता. पुढे पुढे दोनशेच्या आसपास माणसं, साधारण चार आठवडे, रस्ते नसलेल्या डोंगरात हिंडायची. सामान, शिधा, स्वयंपाकाच्या चुली, सगळं खेचरांच्या पाठीवर. सोबत आचारी. प्रोफेसर, वकील, शिक्षिका, विद्यार्थी असा सगळा गोतावळा. दिवसभर चालायचं, रात्री शेकोटीभोवती गाणी.

ॲन्सेलने मात्र सुरुवात केली ती राखणदारीपासून. योसेमिटीत क्लबची लकाँट मेमोरियल लॉज नावाची दगडी इमारत होती. १९२० पासून सलग चार उन्हाळे तो तिचा राखणदार होता. आलेल्या लोकांना माहिती द्यायची, वाटा सांगायच्या, फिरायला घेऊन जायचं. सुट्टी मिळाली की फ्रान्सिस होल्मन या निवृत्त मायनिंग इंजिनियरबरोबर डोंगरात भटकायचं. त्याला तो अंकल फ्रँक म्हणायचा. तंबू कुठे लावायचा, कड्यावर पाय कसा टाकायचा, हे त्यानेच शिकवलं. सामान वाहायला मिसलटो नावाचं गाढव.

पियानोचा सराव मात्र चुकवायचा नव्हता. दरीत पियानो होता हॅरी बेस्ट नावाच्या चित्रकाराच्या स्टुडिओत. ॲन्सेल तिथे सरावाला जायला लागला आणि त्या चित्रकाराची मुलगी व्हर्जिनिया त्याला आवडली. १९२८ च्या जानेवारीत दोघांचं लग्न झालं. पियानो वाया गेला नाही म्हणायचा.

१९२३ च्या हाय ट्रिपमध्ये त्याची सेड्रिक राइट या व्हायोलिन वाजवणाऱ्या आणि फोटो काढणाऱ्या गड्याशी गट्टी जमली. दोघंही संगीतवाले, दोघांनाही कॅमेऱ्याचं वेड. ही दोस्ती शेवटपर्यंत टिकली.

आणि मग १९२८ साली क्लबने ॲन्सेलला ट्रिपचा अधिकृत फोटोग्राफर केलं. त्या वर्षी मंडळी कॅनडाच्या रॉकी पर्वतात गेली होती.

या कामात होतं काय? आज आपण दिवसाला तीनशे फोटो काढतो आणि रात्री त्यातले दोनशे नव्वद उडवतो. तेव्हा मोठ्या फॉरमॅटचा कॅमेरा, ट्रायपॉड, फिल्टर आणि काचेच्या किंवा फिल्मच्या जड प्लेट्स न्याव्या लागत. प्लेट्स मोजक्याच. फोटो कसा आलाय हे घरी जाऊन डार्करूममध्ये शिरेपर्यंत कळायचं नाही, आणि चुकला तर परत जायला पुढचा उन्हाळा.

परत आल्यावर ॲन्सेल निवडक फोटोंचे अल्बम बनवायचा आणि ट्रिपला आलेली मंडळी ते विकत घ्यायची. म्हणजे त्याचं पहिलं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे तेच लोक, जे त्या खिंडीत त्याच्या शेजारी धापा टाकत उभे होते. ज्यांनी ती जागा डोळ्यांनी पाहिलीय त्यांना फोटो पटला पाहिजे, ही परीक्षा कुठल्याही गॅलरीपेक्षा अवघड.

आता एक वर्ष मागे जाऊ, कारण या सवयी कशा कामी आल्या हे १० एप्रिल १९२७ या तारखेशिवाय कळत नाही.

त्या दिवशी ॲन्सेल, व्हर्जिनिया, सेड्रिक आणि आणखी दोन मित्र योसेमिटीतल्या हाफ डोम या प्रचंड सुळक्यासमोरच्या कड्यावर बर्फातून चढून गेले. पाठीवर कॅमेऱ्याचं जवळपास १८ किलो वजन. सोबत १२ काचेच्या प्लेट्स. वाटेत एकेक वापरत हाफ डोमसमोर पोचेपर्यंत उरल्या फक्त दोन.

त्याने पिवळा फिल्टर लावून पहिली प्लेट वापरली. वापरली आणि लगेच लक्षात आलं की यात कडा दिसेल, आकाश दिसेल, पण समोर उभं राहून जे अंगावर येतंय ते येणार नाही. उरली एक प्लेट. त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे निळं आकाश फोटोत जवळजवळ काळं उतरतं. त्या काळ्या आकाशासमोर हाफ डोमचा उभा कडा असा काही आला की बघणाऱ्याला खाली दरीत पडल्यासारखं वाटावं. मोनोलिथ, द फेस ऑफ हाफ डोम या नावाने तो फोटो आज ओळखला जातो.

बटण दाबायच्या आधी प्रिंट डोक्यात दिसली पाहिजे, हे सूत्र त्याने पुढे जन्मभर शिकवलं. त्याची सुरुवात शेवटच्या उरलेल्या प्लेटपासून आहे.

१९३० साली कोल्बी बाजूला झाला आणि ॲन्सेल ट्रिपचा असिस्टंट मॅनेजर झाला. म्हणजे फोटो तर काढायचेच, वर तळ कुठे टाकायचा ते ठरवायचं, लोकांना सुळक्यांवर न्यायचं आणि हरवलेल्या वस्तू ज्याच्या त्याला पोचवायच्या. रात्रीच्या करमणुकीचं खातंही त्याच्याकडेच. ग्रीक शोकांतिकांची टर उडवणारी नाटकं तो लिहायचा आणि ट्रिपची मंडळी ती डोंगरात उभी करायची. एकाचं नाव होतं एग्झॉस्टोस, त्यातल्या राजाचं नाव डिहायड्रॉस. थकवा आणि आटलेलं पाणी! दिवसभर चढ चढून आलेल्या प्रेक्षकांना विनोद समजावून सांगायची गरजच नव्हती.

याच १९३० मध्ये न्यू मेक्सिकोत त्याची पॉल स्ट्रँड या फोटोग्राफरशी भेट झाली. स्ट्रँडच्या निगेटिव्ह बघून त्याने पियानिस्ट व्हायचा नाद सोडला. १९३२ मध्ये एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे मंडळींसोबत त्याने ग्रुप एफ/६४ काढला. तेव्हा फोटो मुद्दाम धूसर करून चित्रासारखा दाखवायची फॅशन होती. यांचं म्हणणं, फोटो फोटोसारखाच दिसला पाहिजे, टोकदार आणि स्वच्छ. १९३४ ला तो सिएरा क्लबच्या संचालक मंडळावर गेला आणि पुढची ३७ वर्षं तिथे राहिला.

इथून कॅम्पचे फोटो वेगळ्याच कामाला लागले.

योसेमिटीच्या दक्षिणेला किंग्ज नदीच्या खोल दऱ्या आहेत. हाय ट्रिपच्या नेहमीच्या वाटेवरचा हा भाग. तिथे नॅशनल पार्क व्हावं ही क्लबची जुनी मागणी. पण पाणी आणि वीज यांसाठी तिथे धरणं बांधायची असं अनेकांच्या डोक्यात होतं. गुरं चारणारे, लाकूडवाले, यांचाही विरोध. प्रकरण कित्येक वर्षं लोंबकळत होतं.

१९३६ साली क्लबने आपली बाजू मांडायला वॉशिंग्टनला माणूस पाठवायचं ठरवलं. निवड झाली ॲन्सेलची. कारण सरळ होतं. कायदा करणाऱ्यांनी ती जागा बघितलेली नव्हती आणि ॲन्सेलकडे ती जागा कागदावर होती. फोटोंचा गठ्ठा घेऊन तो खासदारांच्या दारोदार फिरला. कायदा त्या खेपेला झाला नाही.

मधल्या काळात एक मोठा फटका बसला. १९३७ च्या उन्हाळ्यात योसेमिटीतल्या त्याच्या डार्करूमला आग लागली आणि बऱ्याच जुन्या निगेटिव्ह गेल्या.

आणि एक पुस्तक आलं, ते एका दुःखातून. वॉल्टर स्टार ज्युनियर हा तरुण गिर्यारोहक १९३३ साली सिएरात एकटाच चढताना पडून गेला. त्याच्या वडिलांनी मुलाच्या आठवणीसाठी पैसे दिले आणि १९३८ मध्ये ॲन्सेलचं सिएरा नेवाडा: द जॉन म्युर ट्रेल हे देखणं पुस्तक निघालं. प्रती फक्त ५००. एक प्रत गेली गृहमंत्री हॅरॉल्ड इक्स यांच्याकडे. भारतातल्या गृहमंत्र्याशी गल्लत करू नका, तिकडे या खात्याकडे जमिनी आणि पार्कं असतात. इक्स यांनी ते राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना दाखवलं. रूझवेल्ट यांनी पुस्तक ठेवूनच घेतलं, मग ॲन्सेलने इक्स यांना दुसरी प्रत पाठवली.

४ मार्च १९४० रोजी किंग्ज कॅन्यन नॅशनल पार्क झालं. एकट्या पुस्तकाने झालं असं म्हणणं जास्तीचं होईल, लढणारे पुष्कळ होते. विजयही पूर्ण नव्हता. टेहिपिटी आणि सीडर ग्रोव्ह या दोन दऱ्या धरणाच्या आशेपायी बाहेर ठेवल्या होत्या, त्या पार्कात आल्या थेट १९६५ ला.

ॲन्सेलवर एक आक्षेप कायम घेतला गेला की याच्या फोटोत माणूस नसतो. यात तथ्य आहे. दोनशे माणसांचा तळ मागे आणि फोटोत फक्त डोंगर आणि ढग. ही जागा कुणी कधी स्पर्शही केलेली नाही, असं वाटतं. खरं तर योसेमिटीत मूळ रहिवासी होते आणि त्यांना तिथून हुसकावलं गेलं होतं, पण ते त्या चित्रात कुठेच नाहीत.

म्हणूनच त्याचं दुसऱ्या एका कॅम्पवरचं काम बघण्यासारखं आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने एक लाखाहून जास्त जपानी वंशाच्या लोकांना घरातून उचलून छावण्यांत डांबलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक. मान्झानार ही त्यातली एक छावणी सिएराच्याच पूर्व पायथ्याला होती, आणि तिचा संचालक राल्फ मेरिट हा ॲन्सेलच्या सिएरा क्लबमधल्या ओळखीचा. १९४३-४४ मध्ये ॲन्सेल तिथे अनेकदा गेला आणि या वेळी त्याने माणसांचे फोटो काढले. अगदी जवळून, चेहराभर. शेतकरी, नर्स, शाळकरी पोरं. १९४४ ला त्याचं बॉर्न फ्री अँड इक्वल हे पुस्तक आलं. युद्ध चालू असताना शत्रूच्या वंशाच्या माणसांना बरोबरीचे नागरिक म्हणणं सोपं नव्हतं.

तिथेही टीका झालीच. काटेरी तारा आणि टेहळणी मनोरे टाळून त्याने हसरे चेहरे दाखवले, असं आजही म्हटलं जातं. तारा आणि मनोरे यांचे फोटो काढायला तिथे मनाई होती हे खरं, पण त्याच छावणीत टोयो मियाताके नावाचा कैदी फोटोग्राफर होता. त्याने लपवून नेलेल्या लेन्सला लाकडी खोका जोडून कॅमेरा बनवला होता. त्याचे फोटो ॲन्सेलच्या फोटोंशेजारी ठेवून पाहिले की पाहुणा आणि डांबलेला माणूस यांच्या नजरेतला फरक कळतो. ॲन्सेलने आपले हे फोटो पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकले.

नंतर प्रसिद्धी भरपूर आली. पुस्तकं, प्रदर्शनं, १९८० चं प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम. व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीत त्याचा एक फोटो अंतराळात गेला. पण उन्हाळ्यात डोंगरात लोक जमवायची सवय गेली नाही. १९५५ पासून १९८१ पर्यंत तो योसेमिटीत फोटोग्राफीच्या कार्यशाळा घेत राहिला.

२२ एप्रिल १९८४ ला तो गेला.

आता राहिली एका शिखराची गोष्ट. १९३४ च्या हाय ट्रिपमध्ये मंडळींनी मर्सेड नदीच्या एका फाट्याच्या उगमाजवळचं बिननावाचं शिखर पाहिलं आणि आपल्या फोटोग्राफरचं नाव त्याला देऊन टाकलं. सरकारी नकाशात ते येईना, कारण जिवंत माणसाचं नाव डोंगराला देता येत नाही असा नियम. कॅम्पवाले तरीही ते नाव वापरत राहिले. १९८५ मध्ये, तो गेल्याच्या पुढच्या वर्षी, ११ हजार ७६० फुटांचं ते शिखर माउंट ॲन्सेल ॲडम्स या नावाने नकाशावर आलं.