दयेचा धर्मशास्त्री : संत आल्फोन्स लिगोरी

पापनिवेदनासाठी गुडघे टेकताना ज्याचे अंतःकरण एकदाही कचरले नाही, असा ख्रिस्तभक्त विरळाच. आपला अपराध ऐकून धर्मगुरू काय म्हणतील, आपणांस तसेच परत तर पाठविणार नाहीत ना, ही शंका भल्याभल्यांस ग्रासते. ही भीती दूर करण्यासाठी ज्या महात्म्याने आपले आयुष्य वेचले तो मूळचा वकील होता, हे ईश्वरी योजनेचे एक नवलच म्हटले पाहिजे. त्या संत आल्फोन्स लिगोरी यांचे हे अल्प चरित्र धर्मग्रामातील बंधुभगिनींस सादर करीत आहोत.

आल्फोन्स यांचा जन्म इटलीतील नेपल्स शहरानजीक मारियानेला येथे २७ सप्टेंबर १६९६ रोजी एका उमराव घराण्यात झाला. बुद्धी इतकी तल्लख की, वयाच्या सोळाव्या वर्षी, १७१३ साली, त्यांनी कायद्याची सर्वोच्च पदवी संपादन केली. काही वर्षांतच न्यायालयात त्यांचे नाव गाजू लागले. परंतु १७२३ साली एका मोठ्या मालमत्तेच्या दाव्यात त्यांची हार झाली. दाव्यातील एका कागदाचा खरा अर्थ त्यांच्या नजरेतून निसटला होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मान खाली घालून ते न्यायालयाबाहेर पडले, ते पुन्हा वकिली करण्यास आलेच नाहीत. त्याच वर्षी त्यांनी आपली सरदारी तलवार पवित्र मरियेच्या वेदीवर ठेवली आणि वडिलांचा तीव्र विरोध सोसून धर्मगुरूपदाचा मार्ग धरला. २१ डिसेंबर १७२६ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

त्या काळी युरोपात जान्सेन नामक धर्मपंडिताच्या अनुयायांचा मोठा प्रभाव होता. पापी मनुष्याला सहजासहजी क्षमा देऊ नये, त्याला महिनोन् महिने तिष्ठत ठेवावे, ख्रिस्तप्रसादापासून दूर राखावे, अशी त्यांची शिकवण होती. खुद्द आल्फोन्स ज्या ग्रंथांवरून शिकले, तेही असेच कठोर होते. परंतु नेपल्समधील गरीब मजूर आणि फेरीवाले, तसेच स्काला गावाच्या डोंगरातील अडाणी गुराखी त्यांच्यापुढे पापनिवेदनास येऊ लागले, तेव्हा त्यांना निराळेच दृश्य दिसले. कठोर शब्दांनी माणसे पाप सोडत नव्हती, ती पापनिवेदनच सोडत होती! या उपेक्षितांसाठी त्यांनी ९ नोव्हेंबर १७३२ रोजी स्काला येथे धर्मगुरूंचा एक संघ स्थापन केला. तोच आज रिडेम्प्टोरिस्ट या नावाने जगभर प्रसिद्ध आहे.

१७४८ साली त्यांचा नीतिशास्त्रावरील महाग्रंथ प्रथम प्रसिद्ध झाला व त्यांच्या हयातीतच त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू प्रथम पिता, मग वैद्य, मग शिक्षक आणि शेवटी न्यायाधीश होय, असा क्रम त्यांनी लावून दिला. न्यायाधीशाचे आसन त्यांनी मोडून टाकले नाही. मात्र त्या आसनापर्यंत पोचण्यापूर्वी पित्याने लेकराला उराशी धरावे आणि वैद्याने जखम धुवावी, अशी त्यांची शिकवण होती.

या दयेला कोणी ढिलाई समजू नये. १७६२ साली ते सान्ताआगाता देई गोती येथील बिशप झाले, तेव्हा कर्तव्यात कुचराई करणाऱ्या धर्मगुरूंची त्यांनी गय केली नाही. तथापि १७६३-६४ च्या भयंकर दुष्काळात आपली गाडी व खेचरे विकून त्यांनी भुकेल्यांच्या तोंडी घास घातला. शिस्त व करुणा या एकाच अंतःकरणात नांदू शकतात, हे त्यांनी आचरणाने दाखविले.

परंतु त्यांची खरी कसोटी वृद्धापकाळी लागली. संधिवाताने मान वाकून हनुवटी छातीला टेकली होती व दृष्टी मंदावली होती. अशा अवस्थेत, १७८० साली, सहकाऱ्यांनी बदललेल्या नियमावलीवर त्यांनी नीट न वाचताच सही केली. परिणामी पोपसाहेबांनी नेपल्स राज्यातील मठ संघातून वगळले आणि संस्थापक आपल्याच संघाबाहेर पडला! आल्फोन्स यांनी कोणास दूषण दिले नाही. पोपसाहेबांचा निर्णय ही ईश्वरेच्छा मानून त्यांनी मस्तक लवविले.

याहूनही दारुण दुःख अंतरीचे होते. ज्यांनी हजारो पाप्यांना क्षमेची खात्री दिली, त्यांना स्वतःच्या तारणाविषयीच शंका छळू लागल्या. क्षुल्लक गोष्टीतही पाप दिसे, मन तळमळे. अशा वेळी ते काय करीत? एखाद्या अडाणी गुराख्याप्रमाणे आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकाच्या शब्दावर विसंबून राहत. जे औषध आयुष्यभर इतरांना दिले, तेच त्यांनी रोगी होऊन घेतले. १ ऑगस्ट १७८७ रोजी पागानी येथे त्यांनी देह ठेवला.

१८३९ साली त्यांना संतपद लाभले. १८७१ साली त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य, तर १९५० साली पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत म्हणून घोषित करण्यात आले.

प्रिय वाचकहो, ज्युबिलीचे वर्ष हे मुळातच ऋणमुक्तीचे वर्ष. आपल्या धर्मग्रामातही कोणी भावाभावांत वर्षानुवर्षे अबोला धरून असेल, कोणी एका चुकीपायी लोकांच्या जिभेवर चढून देवळाची पायरी चढायला लाजत असेल. त्याच्या दोषांचा हिशेब मांडायला आपण तत्पर असतो. त्यापूर्वी आपण त्याचे बंधू व्हावे, त्याच्या दारी जावे, त्याचा हात धरून त्याला वेदीपाशी आणावे. शेवटचा न्याय करणारा प्रभू समर्थ आहे. त्याच्या दयेची आपणां सर्वांनाच गरज पडणार आहे.