किब्ल्याच्या शोधात पृथ्वी मोजणारे अल-बेरुनी

मशिदीचा पाया आखताना सगळ्यात आधी ठरते ती किब्ल्याची, म्हणजे मक्केतील काबागृहाची दिशा. आपल्याकडे ती पश्चिमेला, असे ढोबळमानाने म्हटले जाते. आता नागपूर आणि मक्का ही दोन शहरे घ्या. दोन्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर, २१ अंश उत्तरेच्या आसपास. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ सरळ पश्चिमेला जाते. पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा; नागपुरातून निघतानाच तो पश्चिमेपासून सात-आठ अंश उत्तरेकडे कललेला दिसेल. नकाशा चुकीचा नसतो, पण गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवली की अंतर, आकार, दिशा यांतले काही ना काही बिघडतेच. हा बिघाड नीट समजून घेणाऱ्या जुन्या विद्वानांत अबू रैहान मुहम्मद अल-बेरुनी यांचे नाव फार वरचे आहे.

त्यांचा जन्म सप्टेंबर ९७३ मध्ये ख्वारिज्मच्या काथ शहरात झाला. हा भाग आज उझबेकिस्तानात आहे आणि त्या गावाला आता त्यांचेच नाव दिलेले आहे. राजघराण्यातले गणिती अबू नस्र मन्सूर हे त्यांचे उस्ताद. अल-बेरुनींनी सतराव्या वर्षाच्या सुमारास भर दुपारी सूर्याची उंची मोजून काथचा अक्षांश काढला. मग गावागावांतली अंतरे गोळा करून ती एका मोठ्या अर्धगोलावर मांडायला घेतली. ९९५ मध्ये ख्वारिज्ममध्ये सत्तेसाठी युद्ध पेटले, काम तसेच टाकून त्यांना वतन सोडावे लागले. वय अवघे बावीस.

तरीही हा नाद सुटला नाही. अक्षांश सूर्यावरून मिळतो, पण रेखांश मिळवणे कठीण, कारण त्यासाठी दोन गावांच्या वेळेतला फरक कळावा लागतो, आणि तेव्हा बरोबर नेता येईल असे भरवशाचे घड्याळ नव्हते. चंद्रग्रहण मात्र सगळीकडे एकाच क्षणी दिसते. ९९७ च्या मे महिन्यात अल-बेरुनींनी काथमधून आणि अबुल वफा यांनी बगदादमधून ठरवून एकच ग्रहण पाहिले. स्थानिक वेळेत फरक निघाला सुमारे एका तासाचा. एक तास म्हणजे १५ अंश. दोन शहरे, दोन माणसे आणि आकाशातला एकच चंद्र, एवढ्यावर हे मोजमाप झाले.

गोलावरचे सपाट कागदावर कसे उतरवायचे, यावरही त्यांनी स्वतंत्र लेखन केले. त्यातल्या एका रीतीत अर्धा गोल एका वर्तुळात बसवतात आणि अक्षांश-रेखांशाच्या रेषा वर्तुळाच्या कमानी म्हणून काढतात. ही रीत त्यांनी आकाशाच्या नकाशासाठी सांगितली होती. युरोपात १६६० मध्ये निकोलोसी यांनी ती जगाच्या नकाशाला वापरली आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. जुन्या नकाशापुस्तकांत शेजारी शेजारी दोन वर्तुळांत मावलेले जग तुम्ही पाहिले असेल, त्यातले कित्येक नकाशे याच रीतीचे.

१०१७ मध्ये गझनीच्या महमुदाने ख्वारिज्म जिंकले आणि अल-बेरुनींना गझनीला नेले. ते मनाने गेले असे म्हणवत नाही. पुढच्याच वर्षी ते काबूलजवळच्या एका खेड्यात अडकले होते. जवळ एकही उपकरण नाही, मनःस्थिती वाईट. त्यांनी हिशोबाच्या पाटीच्या पाठीवर अंशांची कमान आखली, ओळंबा लावला आणि सूर्याची उंची मोजून त्या खेड्याचा अक्षांश काढला. त्यांच्या आयुष्यातला हा प्रसंग मला फार मोठा वाटतो.

१०२५ मध्ये त्यांनी गझनीत एक ग्रंथ पूर्ण केला. त्यातला एक मुख्य प्रश्न साधाच होता: गझनीतून मक्का नेमकी कुठल्या दिशेला? त्यासाठी आधी बगदाद आणि गझनी यांच्या रेखांशांतला फरक हवा. वाटेतल्या शहरांची अंतरे आणि अक्षांश घेऊन, गोलावरचे त्रिकोण सोडवत ते टप्प्याटप्प्याने पुढे सरकले. त्यांचे उत्तर आजच्या मोजणीपासून अर्ध्या अंशाच्या आत आहे. श्रद्धेने विचारलेल्या प्रश्नाला भूमितीने उत्तर देण्यात त्यांना काहीच वावगे वाटले नाही. वाटायचे कारणही नव्हते.

पृथ्वीची त्रिज्याही त्यांनी मोजली. आजच्या पाकिस्तानी पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळचा डोंगर त्यांनी निवडला, कारण समोर मोकळे मैदान होते. आधी डोंगराची उंची काढली. मग माथ्यावरून क्षितिज आडव्या रेषेच्या किती खाली दिसते, तो कोन मोजला. तो भरला ३४ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून जेमतेम जास्त. या दोन आकड्यांवरून त्रिज्या निघते. त्यांचा हात किती लांबीचा होता यावर अभ्यासकांत वाद आहे, पण उत्तर आजच्या ६,३७१ किलोमीटरच्या बरेच जवळ येते. हवेत प्रकाश वाकतो आणि क्षितिज थोडे वर दिसते, हे लक्षात घेता त्यात नशिबाचाही वाटा असावा. रीत मात्र पक्की होती.

हिंदुस्थानात ते संस्कृत शिकले. महमुदाच्या स्वाऱ्यांनी हा देश उद्ध्वस्त झाला, लोकांच्या मनात परक्यांविषयी तीव्र तिटकारा बसला आणि इथली विद्या दूर काश्मीर-बनारसकडे सरली, हे त्यांनी महमुदाच्या पदरी राहिलेला माणूस असूनही लिहून ठेवले. त्यांच्या १०३० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या ‘किताबुल हिंद’मध्ये धारहून दक्षिणेकडे येणारी वाट आहे. तीत महाराष्ट्र देश येतो, कोकण येते आणि समुद्रकाठची त्याची राजधानी ठाणे. इथवर ते स्वतः आलेले नव्हते. ही अंतरे वाटसरूंकडून विचारून घेतलेली.

जमिनीकडेही त्यांनी असेच पाहिले. डोंगराजवळ, जिथे नदीला जोर असतो, तिथे गोटे मोठे. पुढे प्रवाह मंदावतो तसे ते लहान. आणि मुखाशी निव्वळ वाळू. त्यावरून त्यांनी ताडले की हिंदुस्थानचे मैदान एके काळी समुद्र असावे आणि नद्यांच्या गाळाने ते भरत आले असावे. अरबस्तानच्या वाळवंटात विहिरी खणताना सापडणाऱ्या शिंपल्यांवरून तिथेही पूर्वी समुद्र होता, असे त्यांनी म्हटले.

अकराव्या शतकाच्या मध्यावर गझनीतच त्यांचा इंतकाल झाला. उतारवयातल्या ‘अल-कानून अल-मसूदी’ या ग्रंथात सहाशेहून अधिक ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांचा तक्ता आहे. त्यात गझनी आहे, मक्का आहे, बगदाद आहे, आणि काथही आहे.