सेलवरच्या ‘गेम’मागचा माणूस कोण?

जालन्यात नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना सेलवरचा ‘ब्रिक गेम’ आठवत असेल. अशा खिशातल्या खेळांना घरोघरी नेणारे जपानचे गुनपेई योकोई. १९४१ मध्ये क्योटोत जन्म, १९६५ मध्ये निन्टेन्डोत नोकरी. काम काय, तर पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल! पुढे रेल्वेत कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरशी चाळा करताना दिसला आणि १९८० चा ‘गेम अँड वॉच’ सुचला. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या स्पर्धेमुळे तसे पडदे स्वस्त झालेच होते.

महागड्या नव्या तंत्रापेक्षा जुने, स्वस्त तंत्र वेगळ्या कामाला लावायचे, हा त्यांचा हट्ट. म्हणून १९८९ चा ‘गेम बॉय’ रंगीत नव्हता. पण चार सेलवर तासन्‌तास चाले. रंगीत पडद्याचे प्रतिस्पर्धी सहा सेल भराभर संपवत. गेम बॉयच जिंकला.

१९९५ चा ‘व्हर्च्युअल बॉय’ मात्र साफ पडला. १९९६ मध्ये योकोईंनी कंपनी सोडली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्ते अपघातात वयाच्या ५६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या विभागात घडलेल्या ‘मेट्रॉइड’च्या नव्या भागांची चाहते आजही वाट पाहतात. बंडाई कंपनीसाठी त्यांनी हाती घेतलेला ‘वंडरस्वान’ १९९९ मध्ये बाजारात आला. तो एकाच सेलवर चालायचा.