पत्र्याच्या कारागिराचा मुलगा

(द्वितीय वर्ष कला)

वार्षिक अंकासाठी एका प्रसिद्ध व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे सरांनी वर्गात सांगितले, तेव्हा माझ्या मैत्रिणींनी भराभर नावे नोंदवली. कुणी सावित्रीबाई घेतल्या, कुणी शाहू महाराज, कुणी मादाम क्यूरी. मी फर्डिनांड पोर्शे हे नाव सांगितले आणि वर्गात हशा पिकला. मोटारीच्या कंपनीची जाहिरात लिहिणार का, असे एकीने विचारलेही. कंपनीवर नव्हे, माणसावर लिहिणार, असे मी म्हटले. तो माणूस थोर होता की नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. लेख लिहून झाल्यावरही ते एका शब्दात सांगता येईल असे वाटत नाही.

हे नाव मला ग्रंथालयात नव्हे, तर दादाच्या गॅरेजात भेटले. आम्ही भाईंदर पूर्वेला राहतो. बाबा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर आहेत. संध्याकाळी घरी येतात तेव्हा त्यांच्या भुवयांवरसुद्धा काळी पूड बसलेली असते. दादाने आठवीत शाळा सोडली आणि काशिमिऱ्याच्या बाजूला एका गॅरेजात हेल्पर म्हणून राहिला. आज तो तिथला मुख्य मिस्त्री आहे आणि माझी फी त्याच्या कमाईतून जाते. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. तास संपले की दादाचा डबा पोचवणे हे माझे काम.

गेल्या पावसाळ्यानंतर त्या गॅरेजात एक जुनी फोक्सवॅगन बीटल आली. पाठ फुगलेली, दिवे डोळ्यांसारखे. हेल्पर मुले तिला लगेच कासव म्हणू लागली. मालक तरुण होता आणि त्याला हे कासव शर्यतीत पळवायचे होते. उभ्या गाडीने एकदम सुटायचे आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर, सरळ रस्ता कोण आधी कापतो ते पाहायचे, अशी ही शर्यत. तिला ड्रॅग रेस म्हणतात. खाडीकडच्या मोकळ्या रस्त्यावर मध्यरात्रीनंतर अशा शर्यती लागतात, हे मला तेव्हाच कळले.

दादाने गाडीचे मागचे झाकण उघडले, कारण हिचे इंजिन मागे असते. रेडिएटर नाही, पाण्याची नळी नाही. दोन सिलिंडर उजवीकडे, दोन डावीकडे, असे चारही आडवे झोपलेले. त्यांच्या अंगावर धातूच्या पातळ पात्या, आणि वर पंख्याचा वारा त्या पात्यांपर्यंत नेणारा पत्र्याचा कोट. चार बोल्ट सोडले की अख्खे इंजिन खाली उतरते. दादा बराच वेळ नुसता पाहत राहिला. मग म्हणाला की, हे ज्याने केले त्याला गरिबाच्या खिशाची माहिती असली पाहिजे. तो कोण होता ते शोधून काढण्याचे काम त्याने माझ्यावर सोपवले. मी इतिहासाची विद्यार्थिनी, म्हणून ते माझेच खाते!

फर्डिनांड पोर्शे यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडॉर्फ या गावी झाला. तो मुलूख तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील अँटोन हे पत्र्याचे काम करणारे कारागीर. मुलाने आपलाच धंदा पुढे चालवावा, ही त्यांची इच्छा. परंतु गावातल्या गालिच्यांच्या कारखान्यात विजेचे दिवे लागले होते आणि मुलाचे मन त्या दिव्यांपाशी अडकले. दिवसा वडिलांच्या हाताखाली पत्रा कापायचा आणि रात्री जवळच्या रायशेनबर्गच्या तंत्रशाळेत जाऊन बसायचे, असा त्याचा क्रम होता. अठरा वर्षांचा होईतो त्याने स्वतःच्या घरात विजेचे दिवे लावून दाखवले. मग वडिलांचा विरोध मावळला.

१८९३ साली तो व्हिएन्नाला एका विजेच्या यंत्रांच्या कंपनीत नोकरीला लागला. तिथल्या तंत्र विद्यापीठात त्याला प्रवेश नव्हता. कामातून सवड मिळाली की तो गुपचूप तिथल्या वर्गात जाऊन बसे. हा भाग मी दादाला वाचून दाखवला तेव्हा त्याच्या हातातला पाना थांबला. पुढे त्याच विद्यापीठाने या माणसाला सन्माननीय डॉक्टरेट दिली, हे वाक्य त्याने मला पुन्हा वाचायला लावले.

१८९८ मध्ये पोर्शे लोनर या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात गेले. त्यांनी चाकाच्या तुंब्यातच विजेची मोटर बसवली. ती गाडी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात गाजली. बॅटरी फार जड होते, म्हणून त्यांनी लवकरच पेट्रोल इंजिनावर वीज तयार करून तिच्यावर चाके फिरवण्याचाही प्रयोग केला. आज ज्यांना हायब्रिड म्हणतात त्या मोटारींचे मूळ इतके जुने आहे. १९०६ मध्ये ते ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीचे तांत्रिक प्रमुख झाले. १९१० साली प्रिन्स हाइनरिख या नावाच्या स्पर्धेत त्यांनी स्वतः गाडी चालवली आणि पहिला क्रमांक मिळवला. दुसरी आणि तिसरी गाडीही त्यांच्याच कारखान्याची होती. तेव्हा वेगाचे वेड या माणसालाही होते, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

१९२३ मध्ये ते स्टुटगार्टला डाइमलर कंपनीत आले. तिथे त्यांनी शर्यतीच्या आणि श्रीमंतांच्या मोटारी घडवल्या. पण सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार हा विचार त्यांच्या मनातून जात नव्हता आणि बड्या कंपन्यांना त्यात नफा दिसत नव्हता. अखेर १९३१ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, जगभर मंदी असताना त्यांनी स्टुटगार्टमध्ये स्वतःची कचेरी थाटली. दोन मोटारसायकल कंपन्यांसाठी त्यांनी छोट्या मोटारींचे नमुने केले. दोघींनीही ते पुढे नेले नाहीत.

आणि मग १९३४ मध्ये त्यांना मोठे गिऱ्हाईक मिळाले. त्याचे नाव ॲडॉल्फ हिटलर.

हिटलरला जनतेची मोटार हवी होती. दोन मोठी माणसे आणि तीन मुले मावावीत, ताशी १०० किलोमीटर वेग टिकावा आणि किंमत हजार मार्कांच्या आत असावी, अशा अटी होत्या. इंजिन वाऱ्याने थंड व्हावे, हीही अपेक्षा होती. तिचे कारण साधे आहे. ज्याच्याकडे गॅरेज नाही त्याची गाडी रात्री उघड्यावर उभी राहणार. तिकडच्या थंडीत पाणी गोठले की फुगते आणि इंजिन तडकते. वारा गोठत नाही, गळत नाही, आणि फुकट मिळतो. इंजिनाचा आराखडा पोर्शे यांच्या कचेरीतील फ्रान्झ राइमश्पीस यांनी केला. हे सारे एकट्या पोर्शे यांचे डोके, असे मात्र म्हणता येत नाही. टाट्रा कंपनीत हान्स लेडविंका यांनी याच धर्तीच्या गाड्या केल्या होत्या आणि युद्धानंतर फोक्सवॅगनला टाट्राला भरपाई द्यावी लागली. योझेफ गांझ हा ज्यू अभियंता छोट्या मोटारीसाठी आधीपासून लेख लिहून झगडत होता. त्याला नाझी राजवटीत देश सोडून जावे लागले.

इकडे गॅरेजात आमच्या कासवाचे इंजिन उघडले गेले होते. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला निघाला. जुन्या बीटलमध्ये ऑइल कूलर वाऱ्याच्या वाटेतच उभा असतो, त्यामुळे तिसऱ्या सिलिंडरला पोचणारा वारा आधीच तापलेला असतो. त्यातच पूर्वी कुणीतरी वजन वाचवायला बाजूचे पत्रे काढून टाकले होते. मग खालची गरम हवा पंखा पुन्हा वर ओढत होता. गेलेले पत्रे बाजारात मिळेनात. तेव्हा बाबांनी रविवारी येऊन दादाला पुठ्ठ्यावरून माप घेऊन पत्रा कापून आणि वाकवून दिला. बापलेकांनी मिळून केलेले ते पहिलेच काम असावे. मी फीलर गेज धरायला शिकले. इंजिन थंड असताना व्हॉल्व्हची फट ०.१५ मिलिमीटर ठेवायची, हे मी आता झोपेतही सांगेन.

इंजिन सुरेख चालू लागले. पण मालकाचे समाधान त्याने होणार नव्हते. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात या गाड्या ड्रॅग रेसमध्ये पळू लागल्या. एम्पी कंपनीची इंच पिंचर ही बीटल त्यांत फार गाजली. गाडी हलकी, आणि इंजिनाचे वजन मागच्या चाकांवर, त्यामुळे सुटताना टायर घसरत नाहीत, जमीन धरतात. मालकाला तसेच हवे होते. ९०.५ मिलिमीटरचे पिस्टन घालून १६०० चे इंजिन १७७६ सीसीचे करायचे, दोन कार्बुरेटर आणि नवा कॅमशाफ्ट बसवायचा. दादाने त्याला समजावले की ताकद वाढली की उष्णता वाढते, वारा मात्र तेवढाच राहतो. शिवाय ब्रेक जुने आहेत. मालकाने रक्कम सांगितली. माझ्या तिसऱ्या वर्षाची फी भरून वर उरेल एवढी ती होती. दादाने विचार करून सांगतो म्हटले. त्या रात्री मी चरित्राचा उरलेला भाग वाचला.

२६ मे १९३८ रोजी फालर्सलेबेनजवळ कारखान्याची पायाभरणी झाली. कामगारांनी आठवड्याला पाच मार्कांचे तिकीट विकत घेऊन वहीत चिकटवायचे आणि वही भरली की मोटार मिळायची, अशी योजना होती. तीन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले. एकालाही त्या योजनेतून मोटार मिळाली नाही, कारण युद्ध सुरू झाले आणि कारखाना लष्करी गाड्या करू लागला. हे ऐकून बाबा पहिल्यांदाच बोलले. एका भिशीत त्यांचे दोन वर्षांचे पैसे बुडाले होते, तेव्हा त्यांना ती वही डोळ्यांपुढे दिसत असणार.

पण याहून वाईट पुढे आहे. युद्धकाळात त्या कारखान्यात हजारो माणसे सक्तीने राबवली गेली. त्यांत पोलंड-रशियातून धरून आणलेले स्त्री-पुरुष होते, युद्धकैदी होते, छळछावण्यांतले बंदी होते. पोर्शे १९३७ मध्येच नाझी पक्षाचे सभासद झाले होते. कारखान्यासाठी बंदी मिळावेत म्हणून त्यांनी स्वतः हिमलरकडे मागणी केली. सक्तीने राबणाऱ्या बायकांची तान्ही मुले त्यांच्यापासून काढून रूएन गावच्या पाळणाघरात ठेवली जात. तिथे तीनशेहून अधिक बाळे दगावली. त्याबद्दल कारखान्याच्या डॉक्टरला युद्धानंतर ब्रिटिश लष्करी न्यायालयाने देहदंड दिला. पोर्शे यांच्यावर या गोष्टींसाठी खटला झाला नाही. इथून पुढे त्यांना आदरार्थी लिहिताना माझा हात अडतो. पण चरित्र अर्ध्यावर आले असताना क्रियापद बदलता येत नाही, म्हणून तसेच लिहिते.

डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी वेगळ्याच आरोपांवरून त्यांना पकडले आणि सुमारे वीस महिने तुरुंगात ठेवले. मुलाने, फेरी पोर्शे यांनी, एका शर्यतीच्या मोटारीचा आराखडा करून मिळालेल्या पैशांतून त्यांची सुटका करवली. पुढे फ्रेंच न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. १९४८ मध्ये ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे फेरी यांनी पोर्शे नावाची पहिली मोटार रस्त्यावर आणली. तिचे इंजिन याच कासवाचे होते, थोडे ताकदवान केलेले.

नोव्हेंबर १९५० मध्ये पोर्शे वोल्फ्सबुर्गला त्या कारखान्यात गेले. एव्हाना रस्त्यावर जिकडेतिकडे त्यांच्या छोट्या गाड्या धावत होत्या आणि त्या खरोखरच सामान्य माणसे चालवत होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना पक्षाघात झाला आणि ३० जानेवारी १९५१ रोजी स्टुटगार्टमध्ये त्यांचे निधन झाले. ती गाडी मात्र २००३ पर्यंत बनत राहिली. शेवटची मेक्सिकोत पुएब्ला येथे तयार झाली तेव्हा एकूण संख्या दोन कोटी पंधरा लाखांवर गेली होती.

हे सारे मी दादाला दुसऱ्या दिवशी डबा देताना सांगितले. मला वाटले होते, तो म्हणेल की कारागिराने काम करावे, गिऱ्हाईक कोण ते पाहू नये. मीसुद्धा मनातून तेच ऐकायला तयार होते, कारण फीचा आकडा माझ्याही डोक्यात होता. तो काहीच बोलला नाही. पोळीचा शेवटचा घास खाऊन त्याने हात धुतले. ती बाळे किती महिन्यांची असतील, एवढेच त्याने विचारले.

संध्याकाळी मालक आला. दादाने त्याला सांगितले की इंजिन मी बांधून देईन, पण आधी ब्रेक नवे होतील आणि गाडी पळेल ती आंबी व्हॅलीसारख्या बंदिस्त धावपट्टीवर, जिथे नियम आहेत, रुग्णवाहिका उभी असते. रात्री ज्या रस्त्याने लोक पाळीवरून सायकलने घरी येतात त्या रस्त्यासाठी मी काम करणार नाही. मालक हसला, मग चिडला, आणि चार दिवसांनी गाडी ओढून दुसरीकडे घेऊन गेला. दुसरा कुणीतरी ते इंजिन बांधेलच, हे दादालाही कळते.

माझ्या फीसाठी दादा आता रविवारी रिक्षा दुरुस्त करतो. मी शिकवण्या धरल्या आहेत. जळालेला व्हॉल्व्ह त्याने मला दिला, तो माझ्या टेबलावर वह्यांवर ठेवलेला असतो. पोर्शे यांच्या हातात जी कला होती तिला मी आजही नमस्कार करते. फक्त, एवढे शिकलेल्या, एवढे मोठे झालेल्या त्या माणसाने गिऱ्हाइकाला एकदाही नाही म्हटले नाही, आणि आठवी शिकलेल्या माझ्या भावाने म्हटले, एवढी नोंद या चरित्राच्या शेवटी करून ठेवावीशी वाटते.