हप्ता फेडा, पुढचा शिकेल

पीएचडीला अ‍ॅडमिशन मिळाली की घरचा पहिला प्रश्न असतो, पैसे किती मिळणार? दुसरा, वेळेवर मिळणार का? प्रश्न रास्तच आहेत. तुम्ही चार-पाच वर्षं लॅबमध्ये घालवणार, तर खोलीचं भाडं आणि मेसचं बिल कुणीतरी भरायला हवं ना! ही अडचण सव्वाशे वर्षांपूर्वी एका गिरणीमालकानं ओळखली होती. जमशेटजी टाटांनी.

१८३९ मध्ये नवसारीत जन्म, शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आणि १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल. पैसा आला. १८९२ मध्ये त्यांनी परदेशातल्या उच्च शिक्षणासाठी निधी काढला, पण दान म्हणून नाही, कर्ज म्हणून. शिका, कमवा आणि परत करा. तुमच्या हप्त्यांवर पुढचा कुणीतरी शिकेल. सुरुवातीच्या स्कॉलर्समध्ये कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. पुढे राजा रामण्णा आणि जयंत नारळीकरही याच निधीचे स्कॉलर.

पण बोटीनं जाऊन जाऊन किती जण जाणार? संशोधन इथंच शिकवायला हवं, हे जमशेटजींना पटलं होतं. तेव्हाची आपली विद्यापीठं मुख्यतः परीक्षा घेऊन पदव्या द्यायची. म्हणून पदवीनंतरच्या संशोधनाची संस्था काढायला त्यांनी मुंबईतल्या इमारती आणि जमिनी देऊ केल्या. किंमत सुमारे ३० लाख, वर्षाचं उत्पन्न सव्वा लाख. म्हणजे संस्था दरवर्षी कुणापुढे हात न पसरता चालावी, ही सोय आधीच केलेली.

१८९८ च्या अखेरीस योजना व्हाइसरॉय कर्झनपुढे गेली. त्यांना शंका, विद्यार्थी येतील कुठून आणि शिकून नोकऱ्या कुठे मिळतील? समित्या, अहवाल, पत्रव्यवहार यात वर्षं गेली. १९०४ मध्ये जमशेटजी जर्मनीत वारले, तेव्हा संस्थेची एक वीटही रचलेली नव्हती.

मुलांनी, दोराबजी आणि रतनजींनी, वडिलांचा शब्द पाळला. म्हैसूर संस्थाननं बंगळुरात ३७१ एकर जमीन दिली. १९०९ मध्ये संस्था स्थापन झाली, १९११ मध्ये पहिले विद्यार्थी आले. आज तुम्ही जिथं जायची स्वप्नं बघता, तीच आयआयएससी.

जमशेटजींना तिथला एकही विद्यार्थी बघायला मिळाला नाही. उद्या तुमची फेलोशिप सुरू झाली, नंतर नोकरीही लागली, तर घरच्या त्या दोन प्रश्नांत तिसरा तुम्हीच घाला. पुढच्याच्या मेसच्या बिलात आपला वाटा किती?