दुसऱ्यांच्या मुलांसाठी घरपट्टी

थॅडियस स्टीव्हन्स यांचे नाव अमेरिकेच्या इतिहासात येते ते प्रामुख्याने गुलामगिरीच्या निर्मूलनासंदर्भात. यादवी युद्धाच्या काळात प्रतिनिधिगृहाच्या अर्थविषयक समितीची धुरा वाहणारे, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या नागरिकत्वासाठी झगडणारे आणि अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील महाभियोगात अग्रभागी राहिलेले नेते म्हणून अभ्यासक त्यांना ओळखतात. मात्र त्याआधी जवळपास तीन दशके, पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात त्यांनी आणखी एक लढाई जिंकली होती. गावातील प्रत्येक मुलाच्या शिक्षणाचा खर्च गावाने कराच्या रूपाने उचलावा की नाही, हा तिचा विषय होता.

स्टीव्हन्स यांचा जन्म ४ एप्रिल १७९२ रोजी व्हरमाँट राज्यातील डॅनव्हिल या खेड्यात झाला. त्यांचा एक पाय जन्मतः वाकडा होता. चांभारकाम आणि शेती करणारे वडील जोशुआ लवकरच कुटुंबाला सोडून निघून गेले आणि चार मुलांचा भार आई सॅरा यांच्यावर पडला. अपंग मुलाच्या हातून शेतीची कष्टाची कामे होणार नाहीत, तेव्हा विद्या हाच त्याचा आधार, हे त्या माउलीने ओळखले. चांगली शाळा मिळावी म्हणून तिने पीचम गावी बिऱ्हाड हलविले. तेथील शाळेतून स्टीव्हन्स पुढे डार्टमथ महाविद्यालयात गेले आणि १८१४ मध्ये पदवीधर झाले. गरिबाघरच्या मुलाला शाळेचे दार उघडे असणे म्हणजे काय, हे त्यांनी अशा रीतीने स्वतःच्या आयुष्यातच अनुभवले.

पदवीनंतर ते पेनसिल्व्हेनियात आले. यॉर्क येथे काही काळ शिक्षकी केली, कायद्याचा अभ्यास केला आणि १८१६ मध्ये गेटिसबर्ग येथे वकिली सुरू केली. व्यवसायात जम बसला, जमीनजुमला झाला, पुढे लोखंडाच्या भट्ट्यांचा कारखानाही उभा राहिला. १८३३ मध्ये ते राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेले.

त्या वेळी पेनसिल्व्हेनियात १८०९ सालचा कायदा लागू होता. त्यानुसार फी परवडत नसलेल्या पालकांच्या मुलांचा खर्च सरकारी तिजोरीतून होत असे. पण त्यासाठी आपण दरिद्री आहोत अशी नोंद पालकांना करावी लागे. ही नामुष्की पत्करण्यापेक्षा असंख्य स्वाभिमानी आईबापांनी मुलांना घरीच ठेवणे पसंत केले. शाळेची सोय कागदोपत्री होती, परंतु तिचा लाभ घेणे म्हणजे चारचौघांत मान खाली घालणे होते.

१८३४ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर जॉर्ज वुल्फ यांच्या स्वाक्षरीने नवा कायदा झाला. प्रत्येक टाउनशिप आणि लहान शहर हा स्वतंत्र शाळा-जिल्हा ठरला. लोकांनी निवडलेल्या सहा संचालकांकडे त्याचा कारभार सोपविण्यात आला. राज्याने वर्षाला पंचाहत्तर हजार डॉलर देऊ केले. हा वाटा हवा असेल, तर जिल्ह्याने त्याच्या किमान दुप्पट रक्कम करातून उभी करावी, अशी अट होती. मात्र सक्ती नव्हती. प्रत्येक शाळा-जिल्ह्याच्या प्रतिनिधीने कौंटीच्या बैठकीत हो किंवा नाही असे मत द्यायचे होते, आणि नाकारणाऱ्या गावाला सरकारी पैशावर पाणी सोडावे लागणार होते.

पहिल्या कौलात ९८७ शाळा-जिल्ह्यांपैकी ५०२ जिल्ह्यांनी कायदा स्वीकारला, २६४ जिल्ह्यांनी फेटाळला आणि २२१ जिल्ह्यांनी काहीच केले नाही. विरोध करणारे सगळेच शिक्षणाचे वैरी नव्हते. जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांच्या शाळा त्यांच्या चर्चच्या आश्रयाने चालत. सरकारी शाळा आल्या की आपली भाषा आणि आपला धर्म दोन्ही जातील, असे भय त्यांना वाटे. क्वेकर मंडळी स्वतःच्या शाळा स्वखर्चाने चालवीत होती. त्यांना दुसरा कर हा दुहेरी भुर्दंड वाटला. ज्यांना मुले नव्हती किंवा ज्यांची मुले मोठी झाली होती, त्यांचा प्रश्न याहून साधा होता : शेजाऱ्याच्या पोराच्या पाटीपेन्सिलीसाठी आमच्या शेतावर आणि घरावर कर कशासाठी?

हा रोष इतका वाढला, की पुढच्या अधिवेशनात कायदा रद्द करण्याच्या मागणीच्या अर्जांवर ३१,९८८ सह्या जमल्या. कायदा टिकावा असे म्हणणाऱ्यांच्या सह्या होत्या अवघ्या २,५७५. वरिष्ठ सभागृहाने कायदा मोडीत काढण्याच्या बाजूने मत दिले. कनिष्ठ सभागृहातही तेच होणार, अशी सर्वांची खात्री झाली होती. स्टीव्हन्स यांच्या स्वतःच्या अ‍ॅडम्स कौंटीतही कराला मोठा विरोध होता. शिवाय गव्हर्नर वुल्फ हे त्यांच्या विरोधी पक्षाचे. राजकारणाचा हिशेब मांडला असता, गप्प बसणेच फायद्याचे होते.

११ एप्रिल १८३५ रोजी स्टीव्हन्स बोलायला उभे राहिले. ज्याचा कधी कज्जाखटला होत नाही तो माणूसही न्यायालयासाठी कर भरतो, आणि ज्याने कधी गुन्हा केला नाही तो तुरुंगाचा खर्च सोसतो. मग तुरुंगाची गरज कमी करणाऱ्या शाळेसाठी कर देताना हात का आखडावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. जुन्या कायद्याने गरिबांच्या मुलांवर दारिद्र्याचा शिक्का मारला. तो पुसायचा तर श्रीमंताचे आणि मजुराचे मूल एकाच बाकावर बसले पाहिजे, असे त्यांनी मांडले. मते जातील या भीतीने कायद्याचा बळी देऊ नका, असे त्यांनी सहकाऱ्यांना विनविले आणि प्रतिस्पर्धी गव्हर्नरांच्या धैर्याची मोकळेपणाने प्रशंसा केली. भाषणानंतर सभागृहाचा नूर पालटला. कायदा रद्द करण्याचा प्रस्ताव पडला आणि पुढे वरिष्ठ सभागृहालाही माघार घ्यावी लागली. वुल्फ मात्र त्याच वर्षीची निवडणूक हरले. त्यांच्या पक्षातील फूट आणि शाळाकराविषयीचा राग, दोन्ही त्यांना भोवले.

कायदा वाचला, तरी गावाच्या मर्जीचे कलम राहिले. त्यामुळे कित्येक शाळा-जिल्हे पुढेही वर्षानुवर्षे बाहेर राहिले. सगळ्या राज्याला ही व्यवस्था लागू करण्यासाठी १८४० चे दशक सरत यावे लागले. शेजारच्या गावात शाळा उघडलेली दिसू लागली, तसा अनेकांचा विरोध हळूहळू मावळला.

स्टीव्हन्स यांच्या लेखी समतेचा हा आग्रह शाळेपुरता नव्हता. १८३८ च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला, तेव्हा घटना समितीचे सदस्य असूनही त्यांनी त्या घटनेवर सही केली नाही. १८४२ मध्ये ते लँकेस्टर येथे स्थायिक झाले आणि तेथूनच संसदेत गेले. १८६३ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने त्यांचा कारखाना जाळला, पण त्यांच्या भूमिकेत तसूभरही फरक पडला नाही. गुलामगिरी संपविणाऱ्या घटनादुरुस्तीमागे त्यांनी आपले सारे बळ लावले. त्याच मुक्तिकार्यासाठी महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. शेतकरी कर भरतो आणि त्या पैशावरील शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात, ही तक्रार फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली होती. कर कोणाचा आणि शाळा कोणाची, हा प्रश्न आपल्याकडेही जुनाच आहे.

११ ऑगस्ट १८६८ रोजी स्टीव्हन्स यांचे वॉशिंग्टन येथे निधन झाले. ते अविवाहित होते. वर्णभेद पाळणाऱ्या स्मशानभूमीत विसावणे त्यांना मान्य नव्हते. म्हणून लँकेस्टरमधील सर्वांना खुल्या असलेल्या एका लहान स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले. अनाथ मुलांच्या आश्रमासाठी त्यांनी मृत्युपत्रात तरतूद केली होती. तेथे वंशाचा वा वर्णाचा भेद नसावा आणि सर्वांनी एकाच पंगतीला जेवावे, अशी त्यांची अट होती. त्यातूनच १९०५ मध्ये लँकेस्टर येथे त्यांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली.

गावाच्या घरपट्टीवर शाळा उभी करण्याचा हा मार्ग आपल्याबरोबर एक उणीवही घेऊन आला. जेथे घरे महाग तेथे थोड्या दरातही शाळेची तिजोरी भरते. जेथे वस्ती गरीब तेथे जड कर भरूनही ती अर्धी राहते. २००६ च्या कायद्यानंतर पेनसिल्व्हेनियात ठरलेल्या मर्यादेपलीकडे शाळाकर वाढवायचा, तर काही अपवाद वगळता मतदारांचा कौल घ्यावा लागतो. पुढे सहा शाळा-जिल्ह्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की स्थानिक संपत्तीवर इतकी अवलंबून असलेली ही व्यवस्था राज्यघटनेला धरून नाही. फिर्यादी जिल्ह्यांत एक होता लँकेस्टर, म्हणजे स्टीव्हन्स यांचेच गाव. शेजाऱ्याच्या मुलासाठी कर द्यावा, हे त्यांनी १८३५ मध्ये पटवून दिले; शेजारच्या गरीब गावातील मुलांचे देणे कोणी फेडायचे, हा हिशेब अजून पुरा व्हायचा आहे.